जुन्या चांदीवरचं कुलचिन्ह ओळखताना: आधी वर्णन, मग नाव

इंग्लंडात राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी लंडनच्या पोर्टोबेलो रोडवरच्या शनिवारच्या बाजारातून चांदीचा एक मोठा चमचा घेतला. दांड्याच्या टोकाला, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, काहीतरी बारीक कोरलेलं होतं. खाली उंचवटा आणि त्यातून वर उठणाऱ्या पाकळ्या. मला ते कमळ वाटलं. पुढचे चार महिने मी जुन्या ग्रंथांत कमळ शोधत होते आणि ते काही केल्या सापडत नव्हतं. एके दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात चमचा खिडकीशी धरला, तेव्हा त्या पाकळ्यांची टोकं वळवळलेली दिसली. त्या ज्वाळा होत्या, आणि खालचा उंचवटा म्हणजे डोंगर. जळता डोंगर सापडायला मला दहा मिनिटं लागली.

नीट बघून वर्णन करायच्या आधीच मी त्या चित्राला नाव देऊन मोकळी झाले होते. नंतर पाहिलं तर नवखे लोक नेमके इथेच अडकतात. म्हणून हा लेख. विलायतेत राहणाऱ्यांना तो उपयोगी पडेलच, पण मुंबईच्या चोरबाजारात किंवा एखाद्या जुन्या वाड्याच्या कपाटात अशी वस्तू हाती लागली तरी पायऱ्या याच आहेत.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा

आपल्याकडे तांब्याच्या घंगाळावर, पितळी डब्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं असतं: कुणी, कुणाला, कोणत्या तारखेला. ब्रिटनमधल्या सुखवस्तू घरांत चांदीच्या भांड्यांवर हेच काम चित्र करत असे. मोठ्या तबकावर किंवा चहाच्या किटलीवर जागा असेल तर घराण्याची चिन्हं असलेली पूर्ण ढाल कोरत. चमच्या-काट्यावर जागा कमी, म्हणून ढालीच्या वरच्या शिरस्त्राणावर बसणारा तुरा तेवढा कोरत. हा तुरा म्हणजे क्रेस्ट. बाजारात लोक सगळ्यालाच सरसकट क्रेस्ट म्हणतात, पण तुम्ही ढाल आणि क्रेस्ट वेगळे ठेवा. दोन्ही शोधण्याची पुस्तकं वेगळी आणि पद्धतही वेगळी.

दुसरं म्हणजे, एकच क्रेस्ट अनेक घराण्यांचा असतो. देवकाचं उदाहरण घ्या. पंचपल्लव हे देवक कितीतरी कुळांत आहे, त्यामुळे नुसतं देवक कळलं म्हणून आडनाव सांगता येत नाही. मागच्या पायांवर उभा अर्धा सिंह हा क्रेस्ट असाच शेकडो घराण्यांनी वापरला आहे. क्रेस्टवरून नावांची यादी मिळते. ती यादी बाकीच्या खुणांनी कमी करत जायची.

हाताशी काय हवं

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग, सोनार डोळ्याला लावतात तसलं
- छोटा टॉर्च किंवा कुठेही वळवता येणारा टेबलावरचा दिवा
- पातळ ट्रेसिंग पेपर आणि मऊ पेन्सिल
- ब्रिटिश हॉलमार्कच्या वर्षाक्षरांचा, म्हणजे वस्तूचं वर्ष सांगणाऱ्या आणि दर वर्षी बदलणाऱ्या अक्षरांचा, तक्ता
- फेअरबर्न यांचा क्रेस्टचा कोश. पहिली आवृत्ती १८५९ ची, पण तुम्ही १९०५ ची चौथी आवृत्ती घ्या. इंटरनेट आर्काइव्हवर ती स्कॅन केलेली आहे, पैसे पडत नाहीत
- ढाल असेल तर पॅपवर्थ यांचा १८७४ चा कोश आणि बर्क यांचा १८८४ चा. बोधवाक्य असेल तर एल्विन यांची १८६० ची बोधवाक्यांची सूची
- वस्तूबरोबर आलेला प्रत्येक कागद: पावती, लिलावाची चिठ्ठी, जुनी पेटी, पेटीच्या आतल्या कापडावरचं दुकानाचं नाव. पेटी फाटकी असली तरी टाकू नका

१. घासू नका

घरी आणल्यावर हात पहिल्यांदा टूथपावडरकडे किंवा चिंचेकडे जातो. थांबा. कोरलेल्या रेघांमध्ये साचलेला काळपटपणा हाच तुमचा मित्र आहे. त्यामुळे चित्र वाचता येतं. शिवाय दर घासण्याबरोबर चांदीचा थर जातो आणि उथळ रेघा पहिल्यांदा मिटतात. कोमट पाणी, साधा साबण, मऊ सुती फडकं, एवढंच पुरे. सोनाराकडे नेलीत तर मशीनवर उजाळा द्यायला साफ नाही म्हणा. दोनशे वर्षं टिकलेलं कोरीव काम मशीनच्या चाकावर अर्ध्या मिनिटात सपाट होतं.

२. उजेड बाजूने घ्या

समोरून पडलेल्या प्रकाशात चांदी आरशासारखी चमकते आणि चित्र दिसेनासं होतं. दिवा टेबलाच्या पातळीला ठेवा, वस्तू हळूहळू फिरवा. कुठल्यातरी एका कोनात रेघा उठून दिसतात. वस्तूवर हलकी फुंकर घातली की वाफेने चकाकी क्षणभर मरते, त्या दोन सेकंदांत भिंगातून बघा. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. फोनचा समोरचा कॅमेरा वापरू नका, तो चित्र उलटं करू शकतो आणि मग डावीकडे तोंड असलेला सिंह उजवीकडे बघायला लागतो.

कागद ठेवून पेन्सिल फिरवली की छाप मिळतो. रेघा पांढऱ्या उमटतात, पण दिशा बरोबर राहते. मेणावर दाबून ठसा घेतलात तर मात्र चित्र उलटतं. शिक्क्याच्या अंगठीवर मुळातच उलटं कोरलेलं असतं, हेही ध्यानात असू द्या.

३. हॉलमार्क वाचा आणि काळ ठरवा

चित्राकडे वळण्याआधी वस्तूचं वय काढा. आपल्याकडच्या सोन्यावरच्या हॉलमार्कची सवय असेल तर कल्पना ओळखीची वाटेल, पण ब्रिटिश पद्धत फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के शुद्धतेची स्टर्लिंग चांदी. हा सिंह १५४४ पासून मारतात. बिबट्याचं डोकं लंडनचं, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, मुकुट शेफील्डचा (१९७४ पर्यंत), तीन बुरुजांचा किल्ला एडिंबराचा. एडिंबरात १७५९ ते १९७४ या काळात काटेरी थिसलचं फूलही येत असे. बर्मिंगहॅम आणि शेफील्डची चांदी तपासून शिक्का मारणारी कार्यालयं १७७३ ला सुरू झाली. राजाचं किंवा राणीचं डोकं हा कर भरल्याचा शिक्का, १७८४ ते १८९० या काळातला.

वर्षाक्षराचा सापळा एका उदाहरणाने सांगते. लंडनचा छोट्या लिपीतला ‘एच’ १७८३ चा असू शकतो किंवा १८२३ चा, कारण १७७६ ला सुरू झालेल्या आणि १८१६ ला सुरू झालेल्या दोन्ही मालिकांत छोटी अक्षरं आहेत. मग कसं ठरवायचं? १७८३ ला कराचा शिक्काच नव्हता, म्हणजे राजाचं डोकं दिसलं की १७८३ बाद. शिवाय लंडनच्या बिबट्याच्या डोक्यावरचा मुकुट १८२१ ला गेला. मुकुट नसलेला बिबट्या आणि राजाचं डोकं सोबत असेल तर १८२३. दोन खुणा जुळल्याशिवाय वर्ष लिहू नका. अक्षर मे महिन्यात बदलायचं, म्हणून ते खरं तर दोन वर्षांत पसरलेलं असतं.

हॉलमार्कमधला सिंह म्हणजे क्रेस्ट नव्हे. हसू नका, हा गोंधळ मी तीन-चार जणांचा निस्तरला आहे. हॉलमार्क ठोकलेला असतो, खोलगट चौकटीत उठावाचा. क्रेस्ट हाताने रेघारेघांनी कोरलेला असतो.

आणि ‘ईपीएनएस’ अशी अक्षरं दिसली तर वस्तू चांदीची नाही, चांदीचा मुलामा आहे. चोरबाजारात असा माल खूप. त्याच्यावरचा क्रेस्टही खराच असू शकतो, तेव्हा निराश व्हायचं कारण नाही, फक्त भाव त्या हिशोबाने द्या. अठराव्या शतकातल्या शेफील्ड प्लेटची गंमत आणखी वेगळी. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली ही भांडी. खोल कोरलं तर तांबं उघडं पडायचं. म्हणून कोरण्याच्या जागी शुद्ध चांदीचा तुकडा बेमालूम बसवत. फुंकर घातलीत की त्या तुकड्याची कड पुसटशी दिसते. मला पहिल्यांदा ती दिसली तेव्हा अंगावर काटा आला होता, कारागिराचा हात दिसावा तसं.

४. आता शब्दांत वर्णन लिहा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात. वही उघडा आणि दिसतं तेवढंच लिहा. ‘सिंह’ एवढं पुरेसं नाही. पुढचे प्रश्न एकेक करून स्वतःला विचारा.

*खाली काय आहे?* बहुतेक क्रेस्टच्या खाली पीळ दिलेली आडवी पट्टी दिसते. डोक्यावर हंडा ठेवताना आपण चुंबळ ठेवतो ना, तीच ही. शिरस्त्राणावर तुरा बसवायला रंगीत कापडाची चुंबळ असायची, तिला सहा पीळ दाखवतात. चुंबळीऐवजी टोपी किंवा छोटा मुकुट असेल तर ते आवर्जून लिहा, यादी झटकन कमी होते.

*पूर्ण आहे की अर्धा?* अर्ध्या प्राण्याला डेमी म्हणतात. नुसतं डोकं असेल तर मान कशी संपते ते भिंगातून बघा. सरळ कापलेली असेल तर कूप्ड. खालची कड फाटल्यासारखी, तीन टोकांची असेल तर इरेज्ड. हा बारीक भेद वाटतो, पण यामुळे घराणंच बदलतं.

*उभा कसा आहे?* मागच्या पायावर उभा राहून पंजे उगारलेला तो रॅम्पंट. चालता, पुढचा एक पाय उचललेला तो पॅसंट. चारही पाय टेकलेला स्टॅटंट, बसलेला सिजंट, पाय मुडपून पण मान वर करून पहुडलेला कूशंट. तोंड आपल्याकडे वळवलेलं असेल तर गार्डंट, मागे बघत असेल तर रिगार्डंट.

*तोंड कुठे?* सहसा बघणाऱ्याच्या डावीकडे असतं. पण या शास्त्रात डावं-उजवं ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात, त्यामुळे ग्रंथात ‘उजवीकडे’ असं लिहिलेलं असेल तर आपल्याला ते डावीकडे दिसणार.

*गळ्यात, तोंडात, पंजात काय?* पट्टा, साखळी, बाण, गुलाब, किल्ली. एक बाण तुटका आहे की अखंड हेही लिहा.

*खांद्यावर एखादी चिमुकली खूण?* चंद्रकोर म्हणजे दुसऱ्या मुलाची शाखा, पाच टोकांची चांदणी तिसऱ्याची, पाय नसलेला पाकोळीसारखा पक्षी चौथ्याचा. सगळीकडे हा नियम पाळलेला नाही, पण दिसली तर सोडू नका.

काही प्राण्यांच्या जोड्या फसवतात. चार पायांचा ड्रॅगन, दोन पायांचा वायव्हर्न. गरुडाचं डोकं नि सिंहाचं धड तो ग्रिफिन. आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवरचा शरभ पाहिलेल्याला तो चटकन ओळखीचा वाटेल, पण वर्णनात शरभ लिहू नका, कोशात तो नाही. स्वतःच्या छातीवर चोच मारणारा पक्षी हंस नसून पेलिकन, पिलांना रक्त पाजणारी.

वर्णन झालं की वही एक दिवस बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी, पहिलं न वाचता, पुन्हा लिहा. जिथे दोन वर्णनं जुळत नाहीत तिथे परत भिंग लावा. माझं कमळ या एका सवयीने वाचलं असतं.

५. मुकुट मोजून घ्या

एका गावातल्या जत्रेवजा बाजारात एका विक्रेत्याने मला चांदीचा साखरेचा चमचा दाखवला. मुकुटातून बाहेर येणारं हरणाचं डोकं होतं. ‘हा ड्यूकचा मुकुट आहे’ असं सांगून त्याने तिप्पट किंमत मागितली आणि मी ती दिली. तो ड्यूकचा नव्हता. ज्यातून प्राणी *बाहेर येतो*, तो तीन पानांचा मुकुट म्हणजे नुसता क्रेस्टचा भाग. जुन्या कोशांत त्याला ‘ड्यूकल कॉरोनेट’ म्हणतात, आणि सगळा घोळ त्या नावामुळे होतो. साध्या जमीनदार घराण्यांतही तो सर्रास आहे.

खऱ्या पदवीचा मुकुट क्रेस्टच्या किंवा ढालीच्या *वर* वेगळा बसतो. त्याची पानं-गोळे मोजा. चार गोळे दिसले तर बॅरन. गोळ्यांची लांब सलग रांग असेल तर व्हायकाउंट. उंच काड्यांवरचे पाच गोळे आणि मध्ये बुटकी पानं, तो अर्ल. तीन पानं आणि दोन गोळे मार्क्विसचे. पाचही पानंच असतील तर ड्यूक. असा मुकुट मिळाला तर तुमचं काम फार सोपं झालं, कारण उमरावांची संख्या मर्यादित आणि त्यांच्या नोंदी पक्क्या.

ढालीत कुठेतरी माणसाच्या हाताचा छोटा उघडा पंजा दिसला तर बॅरोनेट, म्हणजे बॅरनच्या खालची वंशपरंपरागत पदवी. ही पदवी १६११ पासूनची.

६. बोधवाक्य वाचा, आणि ते कुठे आहे ते बघा

फितीवरची अक्षरं एकेक करून उतरवा, अर्थ लावायच्या फंदात आधी पडू नका. बोधवाक्य क्रेस्टच्या वर असेल तर बहुधा स्कॉटलंड. इंग्लंडमध्ये ते खाली जातं. क्रेस्टभोवती बक्कल लावलेला गोल पट्टा आणि त्यावर वाक्य असेल तर तीही स्कॉटिश कुळाची खूण असू शकते, आणि त्यात मेख अशी की कुळातला कुठलाही माणूस प्रमुखाचा क्रेस्ट अशा पट्ट्यात घालून मिरवू शकतो. म्हणजे पट्टा दिसला की वस्तू प्रमुखाचीच असं समजू नका.

काही वाक्यं आणि चित्रं नावावरचा श्लेष असतात, आणि आपल्याला श्लेषाचा कान आहे. डेव्हनशरच्या ड्यूकांचं आडनाव कॅव्हेंडिश, बोधवाक्य ‘कॅव्हेंडो ट्यूटस’, सावध तो सुरक्षित. क्रेस्ट गाठ मारलेला साप. लूसी घराण्याच्या ढालीवर ल्यूस नावाचे मासे. अरुंडेल घराण्याच्या ढालीवर पाकोळ्या, कारण फ्रेंचमध्ये पाकोळीला इराँदेल म्हणतात. चित्रात काही चमत्कारिक दिसलं की त्याचं नाव मोठ्याने उच्चारून बघा.

७. कोशात शोधा, दोन्ही बाजूंनी

फेअरबर्नचा कोश दोन भागांत आहे. एकात आडनावांची वर्णमालेने यादी आणि प्रत्येकापुढे क्रेस्टचं वर्णन. दुसऱ्यात चित्रफलक आणि त्यांची किल्ली. तुमच्याकडे चित्र आहे, नाव नाही, तेव्हा चित्रफलकांकडून सुरू करा. जुळणारं चित्र मिळालं की किल्लीत त्या क्रमांकापुढची सगळी आडनावं उतरवा. पंधरा असोत की पन्नास, सगळी. मग पहिल्या भागात जाऊन प्रत्येक आडनावाचं पूर्ण वर्णन तुमच्या वहीतल्या वर्णनाशी ताडून बघा. चित्रफलक नमुन्यादाखल असतो, गळ्यातला पट्टा किंवा पंजातला बाण फक्त मजकुरात सापडतो.

स्कॅन केलेल्या प्रतीत संगणकाने शब्द शोधता येतात, पण छपाई बारीक असल्याने अक्षरं चुकीची वाचली जातात. एका शब्दाने काही आलं नाही म्हणून हार मानू नका. पानं हाताने उलटा.

कोशात नाव आहे म्हणून त्या माणसाला क्रेस्टचा हक्क होताच असं नाही. अनेकांनी स्वतःहून क्रेस्ट घेतले आणि कोशकारांनी तेही नोंदवले. १७९८ पासून १९४४ पर्यंत ब्रिटनमध्ये कुलचिन्ह वापरण्यावर कर होता, पण कर भरल्याने हक्क मिळत नसे.

माझ्या चमच्याचं सांगते. जळता डोंगर, वर फितीवर ‘ल्युसिओ नॉन उरो’, म्हणजे ‘मी उजळतो, जळत नाही’. वाक्य वर, म्हणून स्कॉटलंडकडे बोट. हॉलमार्क एडिंबराचा, राजाचं डोकं आहे, अक्षरावरून १८२० चं दशक. कोशात हा डोंगर मॅकेन्झींचा, त्यांच्या प्रमुख सीफोर्थ शाखेचा. तेच बोधवाक्य एका सूर्याच्या चित्राबरोबर मॅक्लाउडांकडेही जातं, म्हणजे नुसत्या वाक्यावर विसंबले असते तर घराणं चुकलं असतं. आणि मॅकेन्झींच्या ढालीवर डोंगर नाहीच, तिथे शिंगांचं हरणाचं डोकं आहे. ढाल आणि क्रेस्ट वेगळे ठेवा असं सुरुवातीला म्हटलं ते यासाठी.

८. पूर्ण ढाल असेल तर

क्रेस्टपेक्षा ढाल जास्त बोलते. चांदीवर रंग भरता येत नाही, म्हणून रेघांनी रंग सांगण्याची पद्धत सतराव्या शतकात रूढ झाली. ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा रुपेरी. उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या. उभ्या-आडव्या जाळीचा काळा. आपल्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरप्या रेघांचा हिरवा, उलट तिरप्यांचा जांभळा. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

ढाल मधोमध उभी दुभागली असेल तर बघणाऱ्याच्या डावीकडचा अर्धा नवऱ्याचा, उजवीकडचा बायकोच्या माहेरचा. मध्यभागी दुसरी छोटी ढाल ठेवलेली असेल तर बायको माहेरची वारस होती. दोन घराणी कळली की त्यांच्यातलं एक लग्न शोधायचं, आणि लग्नाची तारीख मिळाली की मालक बहुधा मिळालाच. ढालीऐवजी शंकरपाळ्यासारखा आकार असेल तर ती वस्तू अविवाहित स्त्रीची किंवा विधवेची, आणि तिच्यावर क्रेस्ट नसतो.

९. चित्र वस्तूएवढंच जुनं आहे का?

चांदी हातोहाती फिरते. नवा मालक जुनं चित्र घासून काढायचा आणि स्वतःचं कोरायचा. कोरलेल्या जागी अंगठा आणि तर्जनीत धातू धरून बघा. आजूबाजूपेक्षा तो भाग पातळ किंवा किंचित खोलगट लागला तर इथे आधी काहीतरी होतं. फुंकरीने कधीकधी मागच्या चित्राची सावली दिसते.

चित्राभोवतीच्या चौकटीची नक्षीही काळ सांगते. १७३० नंतरच्या दोन-तीन दशकांत शिंपल्या-वेलींची, दोन बाजू सारख्या नसलेली चौकट; १७७० नंतर नीटस ढाल, तोरणं आणि हिऱ्यासारखे चमकणारे छोटे काप. १७४५ ची किटली आणि तोरणांची चौकट असेल तर कोरीव काम नंतरचं.

चमच्यात एक सोपी खूण आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात चमचे मेजावर पालथे मांडत, म्हणून क्रेस्ट मागच्या बाजूला. पुढे ते उताणे मांडू लागले आणि क्रेस्ट समोर आला.

१०. भारतात सापडलेली वस्तू

इथे फेअरबर्न अनेकदा हात टेकतो, कारण सगळी चिन्हं घराण्यांची नसतात. पलटणींचे मेस, क्लब, आगबोट कंपन्या, हॉटेलं, सगळ्यांनी आपापली खूण चांदीवर घातली. आकडा दिसला तर पलटणीचा विचार आधी करा. पंजात राजमुकुट धरून उभा, आपल्याकडे बघणारा सिंह ईस्ट इंडिया कंपनीचा. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि मद्रासची ऑर या पेढ्यांची नावं मागच्या बाजूला दिसली तर वस्तू इथेच घडलेली. तिच्यावर इंग्लंडचं वर्षाक्षर शोधत बसू नका.

संस्थानिकांना १८७७ च्या दिल्ली दरबारात युरोपीय धाटणीची चिन्हं असलेली निशाणं दिली गेली. ती या कोशांत मिळणार नाहीत, संस्थानाच्या कागदांत बघावी लागतात. आणि मुंबईचं एक चिन्ह मला फार आवडतं. सर जमशेटजी जीजीभॉय १८५७ ला बॅरोनेट झाले, हा मान मिळालेले पहिले भारतीय. त्यांच्या ढालीवर घाटामागून उगवणारा सूर्य आणि वर दोन मधमाश्या आहेत. क्रेस्ट म्हणजे चोचीत गव्हाची ओंबी धरलेला मोर. विलायती शास्त्राच्या चौकटीत आपला सह्याद्री!

वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती परदेशी नेण्याआधी थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने खाजगी व्यक्तीला अशी वस्तू बाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून दाखला घ्या. आणि मोडीत तर कधीच घालू नका. वितळल्यावर वजनाचे पैसे मिळतील, पण ओळख परत येणार नाही.

११. कुणाला विचारायचं

कुलचिन्हांच्या अधिकृत नोंदी ठेवणाऱ्या संस्था अशा: इंग्लंडसाठी लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स, १४८४ चं. स्कॉटलंडसाठी एडिंबराचं लॉर्ड लायनचं न्यायालय; तिथलं नोंदणीबुक १६७२ पासून चालू आहे. आयर्लंडसाठी डब्लिनमधलं चीफ हेरल्डचं कार्यालय. संशोधन करून घ्यायचं तर शुल्क पडतं, म्हणून आधी स्वतःचं काम पुरं करा आणि पत्रात तीनच गोष्टी पाठवा: तिरप्या उजेडातला स्वच्छ फोटो, हॉलमार्कवरून काढलेलं वर्ष, आणि तुमचं लेखी वर्णन.

‘तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह’ छापून देणाऱ्या दुकानांपासून लांब राहा. इंग्लंड-स्कॉटलंडात चिन्ह आडनावाला मिळत नाही, ते माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशात चालतं.

१२. चिठ्ठी लिहा

सापडलं ते वस्तूसोबत ठेवा, साध्या कागदावर, पेन्सिलने. चांदीला रबरबँड लावू नका, डाग पडतो. खात्रीचं आणि अंदाजाचं वेगवेगळ्या ओळीत लिहा, म्हणजे पुढच्याला तुमच्या अंदाजावर इमारत उभी करावी लागणार नाही.

माझ्या चमच्याच्या चिठ्ठीवर आज एवढं आहे: ‘मोठा चमचा, एडिंबरा, १८२० चं दशक. क्रेस्ट: जळता डोंगर, वर बोधवाक्य ल्युसिओ नॉन उरो. धातू पातळ झालेला नाही, कोरीव काम बहुधा मूळचं. घराणं मॅकेन्झी. शाखा: अजून नाही.’ शेवटच्या ओळीपुढे दोन बोटं जागा मोकळी सोडली आहे.